पगार शाखेला चिकटलेला नसतो

दहावी-बारावीचे निकाल लागले की दौंड तालुक्यातल्या केडगाव, पाटस, यवत या पट्ट्यातून दरवर्षी तोच प्रश्न येतो: “मुलीला कॉम्प्युटर मिळेल ना?” गणित जमतं का, तिला काय आवडतं, ही चौकशी नंतर. मुलगा असेल तर “कॉम्प्युटर नाही तर एआय तरी”, आणि मुलगी असेल तर एक पुरवणी ठरलेली: “मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल नको, ती मुलींची कामं नव्हेत.” यामागे दोन समजुती आहेत. पगार शाखेला चिकटलेला असतो ही एक, आणि काही कामं मुळातच पुरुषांची असतात ही दुसरी. दोन्ही खोट्या आहेत. अनेक घरं या समजुतींवर विसंबून जमीन गहाण टाकतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणं भाग आहे.

काम बाईचं की पुरुषाचं, हे काळानुसार बदलत आलं आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक पुरावा कॉम्प्युटरच देतो. १९४६ साली अमेरिकेत ‘एनिॲक’ हे अवाढव्य यंत्र लोकांपुढे आलं, तेव्हा त्याचे प्रोग्रॅम बसवणाऱ्या सहाही जणी बायका होत्या. यंत्र बांधणं पुरुषांचं, आणि त्याला आज्ञा देणं हे कारकुनी वळणाचं म्हणून बायकांचं, अशी तेव्हाची वाटणी होती. पुढे त्या कामाला प्रतिष्ठा आली, पैसा आला आणि ते पुरुषांचं ठरलं. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत संगणकशास्त्राच्या शंभर पदवीधरांत सदतीस मुली होत्या. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत त्या अठरावर आल्या. मुलींची बुद्धी त्या काळात घटली नव्हती. आपल्याकडे मात्र त्याच वर्षांत कॉम्प्युटर ही ‘मुलींना बरी’ शाखा झाली. एकच काम दोन देशांत उलट्या दिशांना गेलं, तर ते निसर्गाने ठरवलं असं कसं म्हणता येईल? पगाराचंही तसंच. अमेरिकेच्या १९५० ते २००० या पन्नास वर्षांच्या जनगणनांवर आधारलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एखाद्या व्यवसायात बायकांचं प्रमाण वाढलं की पुढे त्या व्यवसायाचाच पगार उतरतो, असं त्यात दिसलं. म्हणजे हातातलं काम तेच राहतं, ते करणारे कोण आहेत हे पाहून त्याची किंमत लावली जाते.

आपल्या देशातला पुरावाही हेच सांगतो. अय्यलसोमयाजुला ललिता या तरुण विधवेने, पदरी लहान मुलगी असताना, १९४३ साली मद्रासजवळच्या गिंडी कॉलेजातून इंजिनिअरिंग पूर्ण केलं, आणि तिची शाखा होती इलेक्ट्रिकल. ‘मुलींना न झेपणाऱ्या’ शाखेतूनच मुलींच्या इंजिनिअरिंगची सुरुवात झाली होती. तरीही १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि त्या तिथे रुजू झाल्या. त्या मनाईला कायद्याचाही टेकू होता. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार संध्याकाळी सातनंतर बाईला कारखान्यात कामावर ठेवता येत नसे. ज्याला तीन पाळ्या चालवायच्या तो तिला घेईल कशाला? अटी घालून ही मनाई सैल होत गेली, आणि आज त्याच टाटांच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरियर-सफारी गाड्यांच्या जुळणीचं काम बायकांच्या हाती आहे. केडगावकरांना खरं तर इतकं लांब जायचीही गरज नाही. गावातल्याच पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि विधवा छापखाना चालवत होत्या, खिळे जुळवत होत्या, तेलाचे घाणे आणि माग सांभाळत होत्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या गावात बायका यंत्रावर उभ्या राहिल्या, त्या गावात आज ‘यंत्राजवळ मुलगी नको’ असं ऐकावं लागतं, याचं वाईट वाटतं.

आता पैशांकडे. मोठ्या आयटी कंपन्या २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नवख्या अभियंत्याला वर्षाला तीन-सव्वातीन लाख देत. आजही त्यांच्या सर्वसाधारण भरतीचा आकडा साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो. मधल्या काळात महागाईचा निर्देशांक, २०१२ ला शंभर धरला, तर १९० च्या पुढे गेला. म्हणजे खरा पगार जवळपास अर्ध्यावर आला. आणि जागा? तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या गणल्या गेलेल्या महाविद्यालयांवरची एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा उठवली, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या तुकड्यांवर तुकड्या निघाल्या. “पण फ्लेक्सवर चाळीस लाखांचं पॅकेज आहे,” असं पालक म्हणतात. ते एका मुलाचं असतं. तुम्ही विचारायचा तो मधला पगार: नोकरी लागलेल्या मुलांना पगाराप्रमाणे ओळीने उभं केलं तर बरोबर मध्यावर उभ्या असलेल्याला किती मिळतात? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारं प्रत्येक महाविद्यालय हा आकडा कळवतं आणि तो पाहता येतो. तो न पाहता डोनेशनचा चेक फाडणं म्हणजे वजन न करता ऊस घालण्यासारखं आहे. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आयटीत साधारण तीन कर्मचाऱ्यांत एक बाई आहे, पण जसजसं वर जावं तसतसं हे प्रमाण घटतं. तिथे वाढ, बढती, प्रोजेक्ट हे वरिष्ठाच्या मर्जीवर आणि उशिरापर्यंत थांबण्यावर ठरतं. बाळंतपणानंतर परतलेली मुलगी त्या शर्यतीत मागून धावते. एसी केबिनमधली खुर्ची सुरक्षित दिसते; पगाराच्या दृष्टीने ती तितकी सुरक्षित नाही.

दुसरा पदर जातीचा. तो झाकून करिअर सांगणं अप्रामाणिक ठरेल. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकरीच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक होता तो फक्त नावांचा. दलित आडनावाच्या उमेदवाराला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या उमेदवारापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी निघाली, आणि मुस्लिम नावाला त्याहून बरीच कमी. ओळखीपाळखी, इंग्रजीचा सराव, शहरातला मामा, ही शिदोरी ज्या घरात नाही त्या मुलामुलीने हे ध्यानात घ्यावं. आपली किंमत समोरच्याच्या अंदाजावर ठरणार असेल, तर तो अंदाज आपल्या विरोधात जाण्याचा धोका मोठा असतो. पगार छापील असेल आणि प्रवेश परीक्षेने होत असेल, तर तो धोका बराच कमी होतो.

म्हणूनच माझा आग्रह इलेक्ट्रिकलच्या पदविकेचा आहे. आपल्या भागात या शाखेकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. दहावीनंतर तीन वर्षं शासकीय तंत्रनिकेतनात, कमी खर्चात. विसाव्या वर्षाच्या आत मुलगी रेल्वेच्या कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षेला बसू शकते. त्या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० रुपये आहे, भत्ते वेगळे; राज्य शासनाच्या कनिष्ठ अभियंत्याचं ३८,६०० पासून सुरू होतं. महावितरणही पदविकाधारक अभियंते घेते. पदवी हवीच असेल तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश आहे, आणि कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, पदवीला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, राज्य सरकारने २०२४ पासून पूर्ण माफ केलं आहे. याच पदविकेचं उदाहरण म्हणजे साताऱ्याच्या सुरेखा यादव. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलची पदविका घेऊन १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक झाल्या, आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूर-मुंबई वंदे भारत त्यांनी चालवली. ती गाडी केडगाव स्टेशनावरूनच जाते. रेल्वेत चालकाला किलोमीटरवर भत्ता मिळतो, आणि किलोमीटर बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा मोजत नाहीत.

यावर येणारे आक्षेप सगळेच पोकळ नाहीत. सरकारी जागा थोड्या, अर्ज लाखोंनी, भरती रखडते आणि कंत्राटीकरण वाढतं आहे, हे खरं. पण पदविका फक्त सरकारी दारं उघडत नाही. कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत, साखर कारखान्यांच्या वीजनिर्मितीत, सौर वाहिन्यांच्या कामांत हेच शिक्षण लागतं. शिवाय राज्य सरकारच्या भरतीत महिलांना तीस टक्के समांतर आरक्षण आहे. इंजिनात स्वच्छतागृह नाही ही महिला लोको पायलटांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. त्यामुळे सगळ्याच मुलींनी इंजिनावर जावं असं मी म्हणत नाही; उपकेंद्र, सिग्नल, देखभाल, आराखडे ही कामंही याच शाखेची आहेत. “खांबावर कोण चढणार?” असं विचारणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं की अभियंत्याचं काम देखरेखीचं असतं, आणि बीड जिल्ह्यातली महावितरणची एक महिला कर्मचारी टाळेबंदीत झरझर खांबावर चढताना उभ्या देशाने पाहिली आहे.

राहिला रात्रपाळीचा आक्षेप, त्याला मात्र मी सरळ उत्तर देतो. दौंड-शिरूर पट्ट्यात शेतीची वीज कित्येकदा रात्री येते. ऊस भिजवायला, बिबट्याच्या भीतीत, बॅटरी घेऊन नवऱ्याबरोबर बाई जाते, तेव्हा ‘बाईमाणूस रात्री कुठे’ असं घरात कुणी म्हणत नाही. तीच बाई दिवे लावलेल्या, कुंपण घातलेल्या उपकेंद्रात पगार घेऊन बसणार म्हटलं की घराण्याची अब्रू आठवते. हरकत अंधाराला असती तर ती शेतातही घेतली असती. ती आहे बाईच्या स्वतंत्र पगाराला, आणि स्थळं येणार नाहीत या धास्तीला. मुलासाठी कर्ज काढून खासगी कॉम्प्युटर आणि मुलीसाठी ‘जवळचं बीकॉम’ अशी वाटणी करणाऱ्या आई-वडिलांनी दोघांचे गणिताचे मार्क एकदा शेजारी मांडून पाहावेत. पदविकेचा अर्ज भरताना ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येतो आणि शाखांचा क्रम बहुतेक वेळा चुलता किंवा सायबर कॅफेवाला लावतो. तो क्रम मुलीने स्वतः लावू द्या. अर्ज पक्का करण्याआधी तिला जवळच्या महावितरणच्या उपकेंद्रात परवानगी काढून एक तास घेऊन जा, रोहित्र आणि ब्रेकर दाखवा, तिथल्या अभियंत्याशी तिला बोलू द्या, आणि ती काय विचारते ते ऐका.