खाचराची माती आणि डब्यातली माती

आपल्या शहापूर-मुरबाडकडे बहुतेक दारांत दोन-चार झाडे असतातच. तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस, फुटक्या बादलीत मिरची. उन्हाळाभर ती तग धरतात आणि आषाढ-श्रावणात पिवळी पडून मरतात. लोक म्हणतात, पाऊस लागला. आम्ही म्हणतो, पाऊस नव्हे, माती लागली.

ही माती येते कुठून? भाताच्या खाचरातून. खाचरात आपण चिखलणी करतो ती कशासाठी? माती घट्ट बसावी, पाणी जिरू नये म्हणून. भाताला ते चालते. भाताच्या रोपाच्या पोटात पोकळ्या असतात. त्यांतून वरची हवा मुळांपर्यंत पोचते. मिरचीला, तुळशीला ही सोय नाही. त्यांच्या मुळांना मातीतूनच हवा मिळावी लागते. पाणी तुंबले की मूळ गुदमरते, मग कुजते. आणि गंमत बघा, मूळ कुजले की झाड कोमेजते. घरच्यांना वाटते तहानले, म्हणून ते आणखी एक तांब्या ओततात!

पुष्कळ जण तळाशी दगडगोट्यांचा थर देतात. समज जुना आहे, पण चुकीचा आहे. एक ओले, लांबट फडके आडवे धरा. थेंब थांबले की तेच उभे धरा. पुन्हा पाणी ठिबकू लागते. मातीचेही असेच. उंची जास्त तितका निचरा बरा. तळाशी दगड भरले की मातीची उंची घटते. शिवाय वरची माती पुरती भिजल्याशिवाय पाणी दगडांत उतरतच नाही.

म्हणून भरड वस्तू तळाशी नको, सबंध मातीत मिसळा. दोन घमेली माती, एक घमेले कुजलेले शेणखत, एक घमेले विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे. भातगिरणीतले थोडे तूस घातले तरी चालेल. बारीक रेती मात्र नको, ती चिकण मातीत गच्च बसते. शेणखत टाळू नका, उन्हाळ्यात ओल तेच धरते. भातसा, तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात, तरी उन्हाळ्यात तिथलेच पाडे टँकरची वाट बघतात. तांब्याभर पाण्याची किंमत आम्ही काय सांगावी?

डब्याच्या बुडाला करंगळीएवढी चार-पाच भोके पाडा. माती गळू नये म्हणून त्यांवर खापरीचे तुकडे पालथे ठेवा. डबा दोन विटांवर ठेवा, नाहीतर भोके जमिनीला टेकून बंद होतात.

मग तांब्याभर पाणी ओतून बघा. थोड्या वेळात खालून थेंब पडले तर ठीक. पाणी वरच उभे राहिले तर माती उपसा आणि आणखी तुकडे मिसळा. हे काम मिरगाआधी उरकावे.