हाडांचे सरपण

हाड जळते का? रशियात डॉन नदीकाठी कोस्त्येंकी येथे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची, हिमयुगातील वस्ती सापडली आहे. तेथे लाकडी कोळशाबरोबर जळालेली हाडेही मिळाली. झाडे विरळ, थंडी मात्र कडाक्याची. मग हाडांचे सरपण झाले असेल काय?

हाडाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिज असतो. तो जळत नाही. जळते ती मुख्यतः ताज्या हाडाच्या सच्छिद्र टोकांत साठलेली चरबी. ती पेटवायला आधी लाकडाचा जाळ लागतो. एकदा पेटली की ज्वाला बराच वेळ टिकते. थोड्या लाकडात काम भागते. पण हाडाचे निखारे होत नाहीत. म्हणून ऊब आणि उजेड यांसाठी हाड चांगले, निखाऱ्यांवर भाजण्यासाठी नव्हे.

उष्णता वाढते तसे हाड तपकिरी, काळे, करडे व शेवटी पांढरे होते. पांढरे हाड म्हणजे त्यातील कार्बन पूर्ण जळून गेला. मात्र खाऊन टाकलेले हाडही विस्तवात पडू शकते. म्हणून संशोधक सच्छिद्र तुकड्यांचे प्रमाण तपासतात. ते का, हे आता तुम्हीच सांगा पाहू!