नवी डिस्क कोरी, मग खरी प्रत कोणती?

प्रश्न : दुकानातल्या लिनक्स संगणकात दोन डिस्क मिरर करून ठेवल्या आहेत. एक बिघडली म्हणून नवी बसवली. माहिती जेमतेम 100 जीबी, तरी जोडी पूर्ववत व्हायला चार तास लागले. एवढा वेळ का? आणि कोरी डिस्कच चांगल्या डिस्कवर उतरली असती तर?

उत्तर : आधी तुमची धास्ती घालवू. मिररिंग सांभाळणारं लिनक्सचं 'एमडी' प्रत्येक डिस्कवर छोटी नोंद ठेवतं : ही डिस्क कुठल्या जोडीतली, आणि जोडीत झालेल्या बदलांचा आकडा किती. बिघडलेल्या डिस्कचा आकडा तिथंच अडकतो, चांगलीचा पुढं सरकतो. जिचा आकडा पुढचा, ती खरी प्रत. नव्या डिस्कवर अशी नोंदच नसते. त्यामुळे ती नुसती बसवून भागत नाही, एमडी हाताळणाऱ्या 'एमडीएडीएम' या प्रोग्रॅमची आज्ञा देऊन जोडीत घ्यावी लागते. घेतली की तिच्यावर फक्त लिहिलं जातं.

आता चार तासांचं. एमडीला फाइली दिसतच नाहीत, ते त्यांच्या खालच्या थरात काम करतं. वही झेरॉक्सला दिली की दुकानदार कोरी पानंही काढतो, तसंच हे. 2 टीबीची डिस्क सेकंदाला 150 एमबी या वेगानं उतरवायला पावणेचार तास लागतात, मग आत माहिती कितीही असो. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये फाइलींचा हिशेब आणि मिररिंग एकाच हाती असतं, म्हणून तिथं वापरलेला भागच उतरतो.

या काळात बिलं थांबवायची गरज नाही. नवं बिल दोन्ही डिस्कवर लिहिलं जातं. फक्त वेग थोडा मंदावतो. जोडीची स्थिती दाखवणारी 'एमडीस्टॅट' फाइल उघडलीत तर कंसात चालू डिस्कचा एक 'यू' आणि शेजारी आडवी रेघ दिसेल. काम पुरं झालं की रेघेच्या जागी दुसरा 'यू' येतो.

खरा धोका वेगळाच आहे. जोडी पूर्ववत होईतोवर सगळी भिस्त एकाच डिस्कवर असते, आणि तीही बहुधा तितकीच जुनी. तिचा एखादा भाग वाचता आला नाही, तर तेवढी माहिती गेलीच. शिवाय मिरर म्हणजे बॅकअप नव्हे : चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. म्हणून पुढच्या वेळी डिस्क काढण्यापूर्वी तिचा सिरीयल नंबर ताडून पाहा, म्हणजे चुकून चांगलीच डिस्क निघणार नाही, आणि त्याआधी बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवा.