तलंगांच्या भावात कोंबडे

अंड्यांसाठी कडकनाथची पिल्लं घेणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचं आहे: "सगळ्या तलंगाच आहेत" असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडून दीड महिन्याची पिल्लं तलंगांच्या, म्हणजे अंड्यावर न आलेल्या माद्यांच्या, भावाने घेऊ नका. मी बारा घेतली. अंड्यांसाठीच हवीत, हे पैसे देण्याआधी स्वच्छ बोलले होते. विक्रेता म्हणाला, "ताई, तुरे बघा. एकाचा तरी लाल आहे का? कोंबडा असता तर एव्हाना लाल झाला असता."

गावरान किंवा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) जातीच्या पिल्लांत पाच-सहा आठवड्यांनी नराचा तुरा वाढून लालसर व्हायला लागतो, हे खरं. पण मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या कडकनाथ जातीची कातडी काळपट, मांस काळपट, तुराही काळा-जांभळा. तिथे लाली शोधायला सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे. वर्षानुवर्षं हाच धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, असं मी मानायला तयार नाही.

पिल्लं तीन महिन्यांची झाली तेव्हा एका दुपारी राखेत लोळून एक उठलं, अंग झाडलं आणि माझ्यासमोर आडवं उभं राहिलं. शेपटीच्या बुडाशी, पाठीच्या दोन्ही अंगांनी, अरुंद, लांब, टोकदार पिसं लोंबत होती, उन्हात हिरवट चमकणारी. शेजारच्या पिल्लाची त्याच जागची पिसं आखूड, टोकाला गोल. पोटात धस्स झालं. एकेक धरून पाहिलं. बारांत नऊ कोंबडे! पुढे त्यांनी त्या तीन तलंगांच्या पाठी ओरबाडून उघड्या केल्या. वेगळं खुराडं करावं लागलं.

फोन केला तर म्हणे, "आम्ही काय पोटात शिरून बघतो? कोंबडे मटणाला चांगले, तक्रार कसली?" पोटातलं कळत नव्हतं, तर तलंगांचे पैसे कशाचे घेतले? हे विचारताच फोन बंद. नंतर उचललाच नाही.

म्हणून सांगते. कडकनाथमध्ये तुऱ्याचा रंग सोडा, आकार बघा, तोही एकाच वयाची पिल्लं शेजारी ठेवून. नराचा तुरा उंच, पाय जाड. तरी खात्री धरू नका. निकाल पाठीवरची टोकदार पिसंच देतात आणि ती यायला तीनेक महिने लागतात. पंखांच्या पिसांवरून एक दिवसाचं पिल्लू ओळखतात ते खास त्यासाठी जुळवलेल्या संकरित जातींत. आपल्या पिल्लांना ते लागू नाही. पिल्लाची गुदद्वाराची जागा उघडून बघण्याची पद्धत जपानमध्ये १९२०च्या दशकात निघाली, पण त्याला शिकलेला हात लागतो. बाजारात कुणालाही पिल्लू दाबू देऊ नका, मरतं. टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो हेही खोटं. रस्त्यावर रंगवून विकतात ती पिल्लं बहुतेक लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या, जातीचे नरच असतात. अंड्यांच्या आशेने घेऊ नका.

चार ठिकाणी चौकशी करा, पिल्लं निरोगी आहेत ना बघा. आणि 'नर निघाल्यास बदलून देऊ' हे पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर सरमिसळ पिल्लांचाच भाव द्या, वर एक रुपयाही देऊ नका.