शब्द तोच, टॅग वेगळा

प्रश्न : माझी भाची पोस्टग्रेस या डेटाबेसच्या संदर्भपुस्तिकेसाठी दुरुस्त्या सुचवते. तिने दाखवलेल्या एका दुरुस्तीत एकही शब्द बदललेला नव्हता, फक्त शब्दांभोवतीचे टॅग बदलले होते. पान आधीही वाचता येत होतं, नंतरही येतं. मग एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर : शब्द तोच राहिला तरी वाचकाला मिळणारी सूचना बदलते, यासाठी. पोस्टग्रेसची पुस्तिका डॉकबुक या पद्धतीने लिहितात. 'हे तिरकं छापा, ते ठळक छापा' असं तिथे सांगायचं नसतं. हा शब्द म्हणजे आज्ञा आहे, फाइलचं नाव आहे, फंक्शन आहे की वापरणाऱ्याने स्वतः भरायची जागा, एवढंच टॅग सांगतो. एकाच मजकुरातून वेबपानं, पीडीएफ आणि टर्मिनलवर वाचायची मॅन पेजेस तयार होतात, आणि कुठे काय कसं दिसावं ते या टॅगांवरून ठरतं.

टेबल बनवायची आज्ञा बघा. तिच्या नमुन्यात 'टेबल_नेम' असं असतं. त्याला 'रिप्लेसेबल' हा टॅग असेल तर ते तिरकं छापलं जातं आणि वाचकाला कळतं, की इथे आपल्या टेबलचं नाव घालायचं. त्याजागी 'लिटरल' पडला तर ती अक्षरं जशीच्या तशी टाइप करा, असा अर्थ होतो. नमुन्यातलं 'वराचे नाव' हेच लग्नपत्रिकेवर छापून यावं, तसला प्रकार. मुरलेला प्रोग्रॅमर इथे अडत नाही. नवखा अडतो, आणि पुस्तिकेची गरज त्यालाच जास्त असते.

चौकटी कंसांचा घोळ याहून वाईट. नमुन्यात [ ] म्हणजे 'हा भाग ऐच्छिक'. ते कंस टाइप करायचे नसतात. पण ॲरेतला, म्हणजे मूल्यांच्या यादीतला, एखादा घटक हवा असेल तर तेच कंस खरोखर टाइप करावे लागतात! म्हणून पुस्तिकेत त्या ठिकाणी, इथले कंस शब्दशः घ्यावेत, असा वेगळा खुलासा करावा लागला आहे. व्हॅक्यूम आणि व्हॅक्यूमडीबी यांचंही असंच. पहिली डेटाबेसला द्यायची आज्ञा, दुसरा टर्मिनलवरून चालवायचा प्रोग्रॅम. साफसफाईचं काम तेच, पण टॅग वेगळे हवेत.

हे संगणकाने पकडू नये का? काही चुका तो पकडतो. 10व्या आवृत्तीपर्यंत मूळ मजकूर एसजीएमएल या टॅग लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत होता आणि टॅग बंद करताना त्याचं नाव गाळलं तरी चालायचं. 2018 साली आलेल्या 11व्या आवृत्तीपासून तो एक्सएमएल या जास्त काटेकोर पद्धतीत आहे (फाइलींच्या नावाला शेपूट मात्र अजून एसजीएमएलचंच). आता उघडलेला प्रत्येक टॅग पूर्ण नावानिशी बंद करावा लागतो. दोन ॲरेंमध्ये सामाईक काही आहे का हे तपासणारं && हे चिन्हसुद्धा मजकुरात थेट लिहिता येत नाही, सांकेतिक रूपात लिहावं लागतं. यात चूक झाली तर पुस्तिका तयारच होत नाही. पण 'रिप्लेसेबल'च्या जागी 'लिटरल' आला तर संगणकाची काहीच हरकत नसते, कारण व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. तिथे विषय समजून वाचणारं माणूसच लागतं, आणि अशी माणसं थोडी असतात. भाचीच्या कामाचं मोल मला वाटतं ते यामुळे.

दुवे हा आणखी एक भाग. 'अमुक क्रमांकाचा विभाग पाहा' असं हाताने लिहिलं, तर मध्ये नवा विभाग आला की तो क्रमांक चुकतो. योग्य टॅगमध्ये विभागाची फक्त ओळखखूण द्यायची. क्रमांक छपाईच्या वेळी आपोआप येतो.

आणि ही दुरुस्ती नव्या आवृत्तीपुरतीच राहते असंही नाही. पोस्टग्रेसची प्रत्येक मुख्य आवृत्ती 5 वर्षं सांभाळली जाते. तीच चूक जुन्या पुस्तिकांमध्येही असेल, तर अनेकदा तिथेही ती सुधारून घेतात.