प्रक्षेपणाकडून संहितेकडे : ‘व्हर्सायचा गुलाब’ या जपानी चित्रमालिकेची व्हिडिओ आवृत्ती

१

कलाकृती लोकांपुढे येणे आणि ती अभ्यासासाठी उपलब्ध होणे, या दोन भिन्न घटना आहेत. मुद्रित साहित्याच्या बाबतीत त्या बहुधा एकाच वेळी घडतात. त्यामुळे त्यांतील भेद सहसा जाणवत नाही. दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या बाबतीत मात्र या दोन घटनांमध्ये कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मालिकेचा एक भाग अर्धा तास दिसतो आणि लोप पावतो. मागचे पान उलटून पाहावे तसा तो पुन्हा पाहता येत नाही. दोन भाग शेजारी ठेवून ताडता येत नाहीत. प्रेक्षकाचे स्मरण हीच त्याची प्रत असते, आणि स्मरणाइतकी पाठभेदांनी भरलेली प्रत दुसरी नसते.

मालिकेची घरी पाहण्याजोगी व्हिडिओ आवृत्ती निघते तेव्हा ही स्थिती पालटते. या घटनेकडे व्यापारी बाब म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती ‘आवृत्ती’ या शब्दाच्या मूळ अर्थाने आवृत्ती असते : तिच्यामुळे क्रम निश्चित होतो, पाठ स्थिर होतो आणि केलेले विधान तपासून पाहण्याची सोय होते. ‘बेरुसाइयु नो बारा’, म्हणजे ‘व्हर्सायचा गुलाब’, ही जपानी चित्रमालिका (जपानी परिभाषेत ‘अ‍ॅनिमे’) या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. तिचे चाळीस भाग १० ऑक्टोबर १९७९ ते ३ सप्टेंबर १९८० या काळात जपानमध्ये प्रक्षेपित झाले. इंग्रजी उपशीर्षकांसह तिची अधिकृत आवृत्ती उत्तर अमेरिकेत निघावयास २०१३ साल उजाडले. या तेहतीस वर्षांत इंग्रजी वाचकाचे काय हुकले आणि आवृत्तीने त्याला काय दिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

२

या कृतीची वंशावळ तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मोहात पाडील अशी आहे. ऑस्ट्रियन लेखक स्टीफन झ्वाइग यांचे मारी आंत्वानेत या राणीवरील जर्मन चरित्र १९३२ साली प्रसिद्ध झाले. ते शालेय वयात वाचलेल्या रियोको इकेदा यांनी पुढे त्या विषयावर चित्रकथा रचली. मुलींसाठी निघणाऱ्या ‘मार्गारेट’ या साप्ताहिकातून ती १९७२–७३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. केवळ स्त्री-कलावंत असलेल्या ताकाराझुका नाट्यसंस्थेने १९७४ साली ती रंगभूमीवर आणली. १९७९ साली फ्रेंच दिग्दर्शक जाक देमी यांनी जपानी भांडवलावर तिचा इंग्रजी भाषेतील चित्रपट काढला, आणि त्याच वर्षी चित्रमालिका सुरू झाली. फ्रेंच इतिहास, जर्मन चरित्र, जपानी चित्रकथा, नाटक, चित्रपट, मालिका अशी ही साखळी आहे. ती पूर्ण वर्तुळ करून १९८६ साली फ्रेंच दूरचित्रवाणीवर ‘लेडी ऑस्कर’ या नावाने स्वगृही परतली. इटलीत ती त्यापूर्वीच, १९८२ मध्ये, पोहोचली होती. २००९ साली फ्रेंच शासनाने इकेदा यांना ‘लेजिओं दॉनर’ हा सन्मान दिला.

कथेचा आरंभ १७५५ या वर्षापासून होतो. त्या एका वर्षी तीन व्यक्ती जन्मास येतात : ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत, स्वीडनचा उमराव फेर्सेन आणि फ्रेंच सेनापती जार्जे याची कन्या ऑस्कर. पहिल्या दोघी व्यक्ती ऐतिहासिक आहेत, तिसरी कल्पित. पुत्र नसलेला सेनापती धाकट्या कन्येला मुलाप्रमाणे वाढवतो. ती राजरक्षक दलाची नायक होते, राणीची निष्ठावंत सेविका होते. पुढे ते पद सोडून सामान्य सैनिकांच्या ‘फ्रेंच गार्ड’ दलाचे नेतृत्व पत्करते, आणि १४ जुलै १७८९ रोजी बास्तीयच्या लढ्यात लोकांच्या बाजूने लढताना मरण पावते. तिच्या दाईचा नातू आंद्रे हा तिचा बालमित्र, सेवक आणि अखेरीस प्रियकर.

३

युरोपातील मुले ही मालिका आपापल्या भाषांत पाहत होती, त्या काळात इंग्रजी भाषकांना ती केवळ ऐकीव माहितीने ज्ञात होती. मूळ चित्रकथेच्या पहिल्या दोन खंडांचे फ्रेडरिक शॉट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९८१ साली जपानातच निघाले, परंतु ते तेथेच थांबले. मालिकेच्या बाबतीत हौशी चाहत्यांनी आपल्या परीने ही उणीव भरून काढली. जपानी ध्वनिचित्रफिती मिळवून, त्यांवर स्वतः केलेली उपशीर्षके चढवून त्या हातोहात पोहोचवण्याची प्रथा अमेरिकेत रूढ झाली होती. मुद्रणपूर्व काळातील हस्तलिखितांची आठवण व्हावी असाच हा व्यवहार होता. प्रतीवरून प्रत काढताना चित्र दर वेळी अधिक धूसर होई, भाषांतराचे उत्तरदायित्व कोणाकडे नसे, आणि पुष्कळदा काही भागच हाती लागत. त्या चाहत्यांचे ऋण मान्य करावयास हवे. नकलकारांनी जपले नसते तर कित्येक ग्रंथही उरले नसते. परंतु नकल ही आवृत्ती नव्हे, हेही तितकेच खरे.

२०१२ साली आयोवा राज्यातील ‘राइट स्टफ’ या प्रकाशनसंस्थेने मालिकेचे अधिकार घेतल्याचे जाहीर केले, आणि पुढील वर्षी तिच्या ‘नोझोमी’ या शाखेकडून चाळीसही भाग डीव्हीडीच्या दोन संचांत प्रसिद्ध झाले. त्यांत इंग्रजी आवाज नव्हते. मूळ जपानी ध्वनी आणि इंग्रजी उपशीर्षके एवढेच होते. व्यापाराच्या दृष्टीने ही मर्यादा असेल. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र तेच या आवृत्तीचे बळ ठरले.

४

संपूर्ण संहिता हाती आल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की या मालिकेत एक सांधा आहे. आरंभीचे दिग्दर्शन तादाओ नागाहामा यांचे होते. एकोणिसाव्या भागापासून ती धुरा ओसामु देझाकी यांच्याकडे आली. नागाहामा हे ‘क्योजिन नो होशी’ या क्रीडामालिकेमुळे आणि यंत्रमानवांच्या साहसकथांमुळे ख्यातनाम झाले होते. त्यांच्या हाताखालील भागांत दरबारी कारस्थाने, उघड संघर्ष, ठळक सुष्ट-दुष्ट आणि वेगवान घटना यांना प्राधान्य आहे. देझाकी यांची प्रकृती निराळी. उत्कट क्षणी चालते चित्र थबकते आणि रंगवलेल्या स्थिरचित्रात परिणत होते; एकच हालचाल तीनदा लागोपाठ दाखवली जाते; खिडकीतून, पाण्यावरून प्रकाश असा सांडतो की पात्राच्या चेहऱ्यापेक्षा तोच अधिक बोलतो. पॅरिसच्या रस्त्यावर अकॉर्डियन वाजवणारा एक अपंग माणूस या उत्तरार्धात वरचेवर दिसू लागतो, आणि राजवाड्याची कथा हळूहळू रस्त्याची कथा होते.

शिंगो आराकी व मिची हिमेनो यांचे पात्ररेखन दोन्ही भागांत कायम असल्यामुळे हा बदल साप्ताहिक प्रेक्षकाला चटकन उमगण्याजोगा नव्हता. अठरावा आणि एकोणिसावा भाग पाठोपाठ पाहणाऱ्याला मात्र तो स्पष्ट दिसतो. एवढेच नव्हे, तर हा सांधा दोष आहे की अर्थपूर्ण योगायोग, असाही प्रश्न विचारता येतो. बाह्य कारणाने घडलेला हा पालट कथेच्या अंतर्गत पालटाशी जुळला आहे : ऑस्करची निष्ठा दरबाराकडून लोकांकडे वळते तशी मालिकेची दृष्टीही वळते.

अशाच तपासणीने एक आक्षेपही पारखता येतो. चित्रकथेच्या तुलनेत मालिकेतील ऑस्कर अखेरच्या टप्प्यात परावलंबी होते, अशी टीका केली जाते. टीकेला आधार आहे : क्रांतीच्या उंबरठ्यावर कोणत्या बाजूस उभे राहावयाचे, हा निर्णय मालिकेतील ऑस्कर आंद्रेवर सोपवते. परंतु संपूर्ण मालिका पाहणाऱ्याला हेही दिसते की त्याआधी कितीतरी भागांत तिने क्रमाक्रमाने आपले पद, आपला वर्ग आणि पित्याची आज्ञा यांच्यापासून स्वतःला सोडवले आहे. आंद्रेवर निर्णय सोपवताना उमराव-कन्या एका सेवकाच्या मताला प्रमाण मानते, हाही त्या प्रसंगाचा एक अर्थ होतो. कोणता अर्थ ग्राह्य मानावयाचा याविषयी मतभेद राहतील; पण मतभेद संहितेच्या आधारे व्हावेत, आठवणींच्या आधारे होऊ नयेत.

५

दुसरी गोष्ट आवाजाची. रेइको ताजिमा यांच्या आवाजातील ऑस्कर स्वतःसाठी ‘वाताशी’ हे औपचारिक, स्त्रीपुरुष दोघांनाही चालणारे सर्वनाम वापरते. तिच्या वाक्यांचा शेवट मात्र सैनिकी, तुटक, पुरुषी ढंगाचा असतो. आंद्रे स्वतःसाठी ‘ओरे’ हे उघडपणे पुरुषी व सलगीचे सर्वनाम योजतो, आणि सेवक असूनही तिला केवळ नावाने हाक मारतो. जपानी क्रियापदांत कर्त्याचे लिंग दिसत नाही. ते सूचित होते सर्वनामांतून आणि वाक्यान्ती येणाऱ्या अव्ययांतून. त्यामुळे ऑस्करला स्त्री आणि पुरुष यांमधील एका रिकाम्या जागेत उभे राहून बोलता येते. इंग्रजी उपशीर्षकात ‘वाताशी’ आणि ‘ओरे’ यांचे एकच सर्वनाम होते. परंतु मूळ ध्वनी कायम असल्यामुळे वाचकाचा डोळा जे गमावतो ते त्याच्या कानाला काही अंशी परत मिळते. परभाषेतील आवाज बसवलेल्या आवृत्तीत ही भरपाई संभवत नाही.

येथे मराठी वाचकाने एक प्रयोग मनोमन करून पाहण्यासारखा आहे. ही संहिता मराठीत आणावयाची झाल्यास ऑस्करच्या तोंडी ‘मी आलो’ घालावयाचे की ‘मी आले’? जपानीला हा प्रश्न पडत नाही, इंग्रजीलाही पडत नाही; मराठीला तो जवळजवळ प्रत्येक वाक्यात पडतो. ‘आलो’ म्हटले तर पित्याची आज्ञा शिरोधार्य मानलेली. ‘आले’ म्हटले तर ती आज्ञा पहिल्याच वाक्यात मोडलेली. पिता तिला ‘आलास’ म्हणेल; तिला मुलगीच मानणारी दाई हट्टाने ‘आलीस’ म्हणेल; सैनिक ‘आपण आलात’ म्हणून दोन्ही संकटांतून सुटतील. ऑस्कर फेर्सेनसाठी एकदाच स्त्रीवेष धारण करून नृत्यसमारंभास जाते, त्या रात्री तिचे क्रियापद बदलावे काय? आणि बदलल्यास दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत व्हावे काय? जे मूळ संहितेने अव्यक्त ठेवले ते व्यक्त करण्यावाचून मराठी भाषांतरकाराला गत्यंतर नाही. त्याच वेळी, मूळ भाषेला ज्या छटा साधत नाहीत त्या साधण्याची संधीही त्यालाच मिळते. भाषांतर हे भाष्य असते, या विधानाचा इतका नेमका पुरावा क्वचितच सापडेल; आणि तो देण्यासाठी संवाद पुनःपुन्हा ऐकण्याची सोय अपरिहार्य आहे.

६

तथापि आवृत्ती निघाली म्हणजे प्रश्न मिटला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. डीव्हीडीच्या व्यवस्थेत जगाचे विभाग पाडलेले आहेत : अमेरिका पहिल्या विभागात, जपान दुसऱ्या आणि भारत पाचव्या. एका विभागासाठी काढलेली तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर सहसा चालत नाही. ग्रंथ सातासमुद्रापलीकडे नेला तरी वाचता येतो; व्हिडिओ आवृत्तीला मात्र तिच्या प्रांताच्या सीमा जन्मतःच चिकटलेल्या असतात. भारतीय प्रेक्षकाचा जपानी चित्रमालिकांशी परिचय पुष्कळदा त्यांचे मूळ नावही न कळता झाला. दूरदर्शनवर हिंदीतून गाजलेली मोगलीची मालिका जपानी होती, हे तिच्या बालप्रेक्षकांपैकी अनेकांना मोठेपणी समजले. लोकप्रियता लाभूनही कृती संहितारूपाने अज्ञात राहते, याचे हे घरचे उदाहरण होय.

शिवाय अधिकार मुदतीने बांधलेले असतात, प्रती संपतात, संस्थाही संपतात. ‘राइट स्टफ’ ही संस्था २०२२ मध्ये ‘क्रंचीरोल’ने विकत घेतली, आणि २०२३ मध्ये तिचे विक्रीकेंद्र बंद झाले. आंतरजालावर आज सहज दिसणारी मालिका उद्या तशीच दिसेल याची हमी नसते. करार सरला की ती निमूटपणे काढून घेतली जाते. म्हणून कपाटात ठेवलेल्या तबकडीचे मोल केवळ संग्राहकाच्या हौसेपुरते नाही. विद्यापीठीय ग्रंथालये कादंबरीच्या आवृत्त्या जपतात त्याच न्यायाने अशा आवृत्त्याही जपल्या जावयास हव्यात. अन्यथा या कलाप्रकाराचा इतिहास पुन्हा एकदा स्मरणाच्या हवाली होईल.

मालिकेच्या अखेरच्या भागात ऑस्करच्या मृत्यूनंतरची कथा थोडक्यात सांगितली आहे. कैदेतील राणीने कागदाचा केलेला एक गुलाब तेथे येतो. व्हर्सायच्या साऱ्या वैभवातून शेवटी हाती उरते ती एक कागदी प्रतिकृती, आणि तीही कोणीतरी सांभाळून ठेवली म्हणून. ती प्रतिकृती म्हणजे मूळ गुलाब नव्हे. परंतु मूळ गुलाबाविषयी त्यानंतर जे काही बोलता येते, ते तिच्याच आधाराने.