टेक्सासात रानडुकराची शिकार कुठे?

ह्यूस्टनमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या वाचकाला रानडुकराच्या शिकारीसाठी जागा हवी आहे.

टेक्सासची सुमारे ९५ टक्के जमीन खासगी. त्यामुळे शोध सुरू होतो तो शेतकऱ्याच्या दारात. ज्याचा मका कळपाने रातोरात उकरला तो मालक कधी आनंदाने हो म्हणतो, कधी त्याचेही पैसे घेतो. धंदा तो धंदा! पाण्याकाठची लोळण आणि बुंध्यांवर घासलेला चिखल दिसला, की जागा बरोबर.

१ सप्टेंबर २०१९पासून मालकाच्या परवानगीने खासगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकार परवाना लागत नाही. सॅम ह्यूस्टन राष्ट्रीय वनात मात्र लागतो, शिवाय सार्वजनिक जमिनीवरील शिकारीचा ४८ डॉलरचा वार्षिक परवानाही.

या वाचकाने मात्र शिकार परवाना खासगी जमिनीवरही जवळ ठेवावा. तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद.